नाहीशा झालेल्याचा हिशेब

व्हाइटनरच्या बाटलीचं झाकण फिरवलं की एक गोडसर, डोक्यात चढणारा वास यायचा. झाकणालाच आतून बारका ब्रश असायचा. त्यानं टंकलेल्या कागदावरच्या चुकीच्या अक्षरावर पांढरा ठिपका ठेवायचा, फुंकर मारायची आणि वाळला की त्यावर योग्य अक्षर ठोकायचं. फुंकरीची खरं तर गरज नसे. ब्रश उचलेपर्यंत ठिपका वाळायला लागलेला असायचा. बाटली उघडी राहिली तर दुपारपर्यंत आतलं द्रव घट्ट होऊन बसायचं, मग थिनरचे चार थेंब टाकून हलवत बसा. १९८८ साली मी मुद्रितशोधक म्हणून नोकरीला लागले तेव्हा टेबलावर तीन गोष्टी कायम असत: लाल पेन, पट्टी आणि ही बाटली. तो वास जातो कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. वास जातो, एवढ्यावर माणसाचं भागतं.

उत्तर मिळायला तीसेक वर्षं लागली, तेही भलतंच काही वाचताना. त्या काळातल्या पुष्कळ व्हाइटनरांत आणि थिनरांत मिथिल क्लोरोफॉर्म असायचं. आमच्या बाटल्या म्हणजे किस झाड की पत्ती. कारखान्यांमध्ये यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस धुवायला ते पिंपांनी वापरलं जाई. वापरलं की उडून जाई. उडालं की वाऱ्याबरोबर पृथ्वीभर पसरे आणि सरासरी पाच वर्षं हवेत राही. मग नाहीसं होई. कारण हवेत त्याला खाणारं कोणीतरी होतं.

त्याचं नाव हायड्रॉक्सिल मूलक. पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन काढून घेतला तर जे उरेल ते. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि एक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन. त्या बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनपायी हा सदा वखवखलेला. समोर मिथेन आला, त्याचा हायड्रोजन ओढला आणि स्वतः पुन्हा पाणी होऊन मोकळा झाला. जन्मल्यापासून कोणावर तरी झडप घालेपर्यंत त्याला साधारण एक सेकंद मिळतो, बऱ्याचदा तेवढाही नाही.

आणि तो आहे तरी किती? समुद्रसपाटीला एक घन सेंटिमीटर हवेत, म्हणजे फाशाएवढ्या हवेत, २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. त्यात हायड्रॉक्सिल सरासरी १० लाखांच्या आसपास. म्हणजे २५ लाख कोटींत एक. मी हा भागाकार कागदावर तीनदा केला, कारण उत्तर पटेना. हवेत दरवर्षी सोडल्या जाणाऱ्या मिथेनचा जवळपास नव्वद टक्के निकाल हा २५ लाख कोटींतला एक लावतो. कार्बन मोनॉक्साइड दोनेक महिन्यांत संपतो तो बहुतांशी याच्यामुळे, आणि मिथेन साधारण नऊ वर्षांत.

रसायनशास्त्रज्ञ त्याला वातावरणाचा डिटर्जंट म्हणतात. मला हा शब्द फारसा पटत नाही. डिटर्जंट मळ सोडवतो. हा मळाचं रूपच पालटतो. सल्फर डायऑक्साइडचं शेवटी सल्फ्युरिक आम्ल होतं, नायट्रोजन डायऑक्साइडचं नायट्रिक आम्ल. ही आम्लं पाण्यात सहज विरघळतात, म्हणून पाऊस त्यांना खाली आणू शकतो. धुणारा पाऊस, हा नुसता धुता येईल असं करून ठेवणारा. आणि या उलाढालीत मधल्या मध्ये जमिनीलगत ओझोन तयार होतो, बारीक कण तयार होतात. शहरांवर साचणारं धुरकं हीसुद्धा याच सफाईची अर्ध्यावरची पायरी आहे. शिवाय याच्या आवाक्याबाहेरचंही पुष्कळ आहे. कार्बन डायऑक्साइडला तो हातही लावू शकत नाही. ओढून घ्यायला हायड्रोजनच नाही म्हणून फ्रीजमध्ये वापरले जाणारे जुने क्लोरोफ्लुरोकार्बन वायू त्याच्यासमोरून बिनधास्त वर निघून गेले. पुढे त्यांना पर्याय शोधताना रसायनशास्त्रज्ञांनी नव्या रेणूत मुद्दाम एखादा हायड्रोजन ठेवला, तो याला पकडता यावा म्हणून. जणू पातेल्याला कान लावून ठेवावा.

१९७० च्या आधी खालच्या हवेत असं काही चालत असेल, याची फारशी कोणाला कल्पना नव्हती. तपांबर, म्हणजे हवेचा हा खालचा थर, म्हणजे नुसता वारा आणि ढग, रसायनाचे खेळ सगळे त्याच्या वरच्या थरात, स्थितांबरात, असा समज. कोडं होतं ते कार्बन मोनॉक्साइडचं. मोटारी तो टनावारी ओकत होत्या, पण हवेत साचायला हवा तितका तो साचत नव्हता. १९६९ मध्ये बर्नार्ड वाइनस्टॉक यांनी किरणोत्सर्गी कार्बनच्या आधारे दाखवलं की हा वायू हवेत जेमतेम महिना-दीड महिना टिकत असावा. मग तो जातो कुठे? १९७१ मध्ये हायरम लेव्ही यांनी कागदावरच उत्तर मांडलं. वरच्या ओझोनच्या छत्रीतून थोडे अतिनील किरण खाली झिरपतात. ते खालच्या हवेतल्या ओझोनला फोडतात. त्यातून सुटलेला अतिउत्तेजित ऑक्सिजनचा अणू बहुतेक वेळा नायट्रोजनला धडकून थंड होतो, पण एखाद्या वेळी पाण्याच्या वाफेला भिडतो आणि दोन हायड्रॉक्सिल जन्माला येतात. ऊन, वाफ आणि चिमूटभर ओझोन, एवढंच भांडवल. म्हणून तो उष्ण कटिबंधात सर्वाधिक, दुपारी भरपूर आणि रात्री जवळपास शून्य.

गणित छान होतं. पण असा प्राणी मोजायचा कसा, जो सेकंदभर जगतो आणि लाख कोटींत एकदा भेटतो?

इथे मला आमच्याकडचे एक ज्येष्ठ मुद्रितशोधक आठवतात. त्यांना सगळे काका म्हणत. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला सोळा पानांचं प्रूफ तपासायला दिलं. दोन दिवसांनी मी ऐटीत सांगितलं, "काका, अठ्ठावीस चुका काढल्या."

चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "अगं, काढलेल्या काय सांगतेस? राहिलेल्या किती ते सांग."

"राहिलेल्या कशा सांगणार? दिसल्या असत्या तर काढल्याच असत्या ना."

त्यांनी खणातून एक चिठ्ठी काढली. प्रूफ माझ्या हातात येण्याआधी त्यांनी त्यात स्वतःच्या हातानं दहा चुका पेरल्या होत्या. चिठ्ठीवर त्यांची पानं नि ओळी लिहिलेल्या. त्यातल्या सात मला सापडल्या होत्या. "म्हणजे तुझा हात दहात सातचा," काका म्हणाले. "अठ्ठाविसांतल्या सात माझ्या, एकवीस खऱ्या. मग खऱ्या एकूण किती असतील? तीस. नऊ अजून आत बसल्यात. जा, शोध." मला आठ सापडल्या. नववी कुठल्यातरी कपाटात, कुठल्यातरी पुस्तकात अजून बसलेली असेल.

१९७७ मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी सुचवलं ते नेमकं हेच. हवेतल्या लाख कोटींत एक-दोन इतक्या रेणूंचाही माग काढणारं उपकरण त्यांनी वीस वर्षं आधी बनवलं होतं. त्यांचं म्हणणं असं: हायड्रॉक्सिल दिसत नाही, ठीक आहे. पण मिथिल क्लोरोफॉर्म निसर्ग जवळजवळ करतच नाही, ते सगळं माणसानं केलेलं. कारखानदारांच्या विक्रीच्या आकड्यांवरून दरवर्षी हवेत किती गेलं ते कळतं. हवेत उरलंय किती ते मोजता येतं. गेलेलं वजा उरलेलं, म्हणजे खाल्लेलं. पेरलेली चूक! १९७८ पासून आयर्लंड, बार्बाडोस, सामोआ, टास्मानिया अशा समुद्राकाठच्या टोकांवर ठाणी बसली आणि आजतागायत हवा तपासली जाते आहे. रॉन प्रिन यांच्यासारख्या माणसांनी त्या एका हिशेबात उभी कारकीर्द घातली. टास्मानियातल्या केप ग्रिमला तर तेव्हापासूनची हवाच टाक्यांत दाबून भरून ठेवली आहे, जसं आम्ही जुनी प्रूफं बांधून ठेवायचो तशी.

हिशेब मात्र सरळ सुटला नाही. टाकीत नळातून किती पाणी पडतंय हे दोन-तीन टक्क्यांनी चुकलं, तर तळाच्या भोकातून किती जातंय याचं उत्तरही चुकणार. गेलेल्या मालाचे आकडे थोडे इकडे-तिकडे होते, शिवाय काही माल गोदामांत पडून मग उशिरा उडालेला. त्यामुळे हायड्रॉक्सिल एका दशकात वाढताना दिसे, पुढच्यात पडताना. वातावरणाची ताकद खरंच इतकी हेलकावते का, यावर बरेच वाद झाले.

सोडवणूक झाली ती बंदीमुळे. मिथिल क्लोरोफॉर्ममधलं क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातं, म्हणून १९९० मध्ये माँट्रियल कराराच्या यादीत त्याचं नाव चढलं आणि १९९६ पर्यंत विकसित देशांनी ते थांबवलं. नळ बंद! आता टाकीची पातळी नुसती बघत बसायची. ती इतक्या नेमस्त गतीनं उतरत गेली की २०११ मध्ये स्टीव्हन माँट्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ ते २००७ या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा हायड्रॉक्सिलमधला वर्षावर्षाचा चढउतार निघाला सरासरी दोन-सव्वादोन टक्के. आधीचे हेलकावे बव्हंशी नळाच्या मापातले होते. वातावरण आपलं काम मुकाट्यानं, जवळपास एकाच हातानं करत होतं.

आणि इथेच ती गंमत आहे, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. नळ बंद झाल्यामुळे माप अचूक झालं, आणि नळ बंद झाल्यामुळेच माप संपत चाललं. १९९० च्या सुरुवातीला हवेत मिथिल क्लोरोफॉर्म लाख कोटींत १३० च्या आसपास होतं. दर पाच-साडेपाच वर्षांनी त्यातलं एक तृतीयांशाहून थोडं जास्त उरत गेलं. आता ते दोनाच्याही खाली आहे. इतक्या थोड्याशावर हिशेब करायचा म्हणजे समुद्रातून परत मिसळणारे चार रेणूही गणित बिघडवतात. मोजणाऱ्यानं मोजता-मोजता मोजपट्टीच खाऊन टाकली. बंदी चुकली असं कोण म्हणेल? तरी काकांच्या चिठ्ठीवरची शाई उडत चालल्यासारखं वाटतं खरं.

मग थेटच का मोजू नये? तसे प्रयत्न तर १९७० च्या दशकापासूनचे. हवेत अतिनील लेझर सोडायचा. हायड्रॉक्सिल त्या ठराविक रंगाच्या प्रकाशानं क्षणभर चमकतो, ती चमक मोजायची. सुरुवातीला चमक भरपूर दिसली आणि नंतर लक्षात आलं की तोच लेझर हवेतल्या ओझोनला फोडतो, शेजारची वाफ तयारच असते, आणि हायड्रॉक्सिल तिथल्या तिथे निपजतो. उपकरण स्वतः बनवत होतं तेच मोजत होतं.

हे वाचताना मला लाज वाटली, कारण मी हेच केलेलं आहे. भूगर्भशास्त्राच्या एका पुस्तकात 'शिला' हा शब्द मी पाठोपाठ चार पानं 'शीला' करून ठेवला होता. ऱ्हस्व-दीर्घ पकडायचा इतका नाद लागला होता की मूळ मजकुरात नसलेल्या चुका माझ्या लाल पेनातूनच उतरल्या. लेखकानं पत्र पाठवलं: "आमच्या खडकांची नावं बदलल्याबद्दल आभार."

लेझरवाल्यांनी तोड काढली. हवा सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून कमी दाबाच्या डब्यात ओढायची आणि ओझोनला कमी फोडणारी, ३०८ नॅनोमीटरची लेझर वापरायची. फ्रेड आयझली आणि डेव्हिड टॅनर यांनी वेगळाच मार्ग धरला, आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. त्यांनी आत येणाऱ्या हवेत सल्फर डायऑक्साइड सोडला, पण साधा नव्हे; ३४ वस्तुमानाच्या गंधकाचा. निसर्गात बहुतेक गंधक ३२ चा असतो. हायड्रॉक्सिल या पाहुण्या गंधकावर तुटून पडतो आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. सेकंदभर जगणाऱ्या प्राण्याचं असं टिकाऊ ठशात रूपांतर झालं की मग तो ठसा निवांत मोजायचा. हवेत आधीपासून असलेलं आम्ल ३२ चं, म्हणून घोटाळा नाही. पुन्हा पेरलेली चूक, फक्त या वेळी वेगळ्या शाईत.

पण जंगलांनी सगळ्यांची फजिती केली. झाडं आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. त्याच्यावर हायड्रॉक्सिल इतक्या वेगानं संपतो की घनदाट अरण्यावर तो नावालाच उरावा, असं गणित सांगे. दक्षिण अमेरिकेत सुरिनाम-गयानाच्या अरण्यांवरून विमान नेलं, तर हिशेबापेक्षा कितीतरी जास्त हायड्रॉक्सिल सापडला. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जंगल स्वतःचा सफाईवाला स्वतःच परत जन्माला घालतं, अशी चर्चा सुरू झाली. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका जंगलात लेझरच्या नळीच्या तोंडाशीच हायड्रॉक्सिल गिळून टाकणारा वायू सोडून पाहिला. बाहेरचा सगळा तोंडाशीच मेला, तरी आत चमक दिसतच राहिली! म्हणजे तेवढा वाटा उपकरणाच्या पोटातला. शिलेची पुन्हा शीला. मात्र सगळंच खोटं ठरलं असंही नाही. आयसोप्रीनच्या विघटनातून काही हायड्रॉक्सिल परत मिळतो हे पुढे प्रयोगशाळांतही दिसलं. किती, यावर भांडण आहे, आणि हे भांडण मला प्रामाणिक वाटतं.

काहींनी प्रश्नच उलटा केला: हायड्रॉक्सिल किती आहे ते सोडा, त्याच्यापुढे काम किती पडलंय? विनायक सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यासाठी पायरोल नावाचा, एरवी हवेत न आढळणारा पदार्थ वापरला. काचेच्या नळकांड्यात पायरोल आणि कृत्रिम हायड्रॉक्सिल एकत्र आणायचे, मग त्यात बाहेरची हवा सोडायची. हवेत खाण्यासारखं जितकं जास्त, तितका पायरोल वाचतो. ही पद्धत किंवा हिच्यासारख्या दुसऱ्या पद्धती जंगलांत वापरल्या, की माहीत असलेल्या सगळ्या वायूंची बेरीज करूनही कामाचा बराचसा हिस्सा बेवारस राहतो. कोणीतरी खाल्लं जातंय, नाव माहीत नाही.

मोजपट्टी संपत आली तेव्हा माणसं पुन्हा वाइनस्टॉक यांच्या कार्बनकडे वळली. वैश्विक किरणांमुळे वरच्या हवेत न्यूट्रॉन सुटतात, ते नायट्रोजनवर आदळून कार्बन-१४ बनतो आणि त्याचा बहुतेक लगेच कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणजे निसर्ग स्वतःच चुका पेरतो आहे, रोज, न चुकता, आणि कोणताही करार त्या थांबवू शकत नाही. अडचण एवढीच की फाशाएवढ्या हवेत असे रेणू जेमतेम दहाच्या आसपास. रेणू! लाख कोटींत किती, हे सांगण्याचीही सोय नाही. शेकडो लिटर हवा दाबून भरायची, त्यातला कार्बन मोनॉक्साइड वेगळा करायचा आणि कणत्वरकात, म्हणजे अणूंना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, नेऊन एकेक अणू मोजायचा. त्यात सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर पेरणी कमी-जास्त होते, ती वजावट वेगळी. न्यूझीलंडमधल्या बेअरिंग हेड आणि अंटार्क्टिकातल्या अरायव्हल हाइट्स इथे काही माणसं १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे करत आली आहेत. त्यांच्या नोंदींत १९९७ नंतर न्यूझीलंडवर या जड मोनॉक्साइडमध्ये सुमारे १२ टक्के घट दिसते. म्हणजे निदान दक्षिण गोलार्धात खाणारा थोडा बळावलेला असावा. पण हा माग थंड अक्षांशांची खबर देतो, मिथिल क्लोरोफॉर्म उष्ण कटिबंधाची द्यायचा. काका ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पेरत, माझ्या हातून राहून जाई ते अनुस्वारात.

हा बळावला की दुबळा झाला, याला एवढं महत्त्व का? मिथेनमुळे. पृथ्वी तापवणारा हा वायू २००७ नंतर पुन्हा वाढू लागला. नळ मोठा झाला की भोक बारीक झालं? २०१७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे हा हिशेब केला आणि दोघांचंही उत्तर असं की हाताशी असलेल्या मोजमापांवरून ठाम सांगता येत नाही. भोक थोडं बारीक झालं असणं अगदी शक्य आहे. मग आलं २०२०. मोटारी, विमानं थांबली, हवा नितळ दिसू लागली, आणि त्याच वर्षी मिथेन अब्जात सुमारे १५ नं वाढला, तोवरच्या नोंदींतली सर्वांत मोठी उडी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार त्यातली साधारण निम्मी वाढ हायड्रॉक्सिल १.६ टक्क्यांनी घटल्यामुळे. मोटारींच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड थकलेल्या हायड्रॉक्सिलला पुन्हा उभं करतात. धूर कमी झाला, तसा सफाईवालाही कमी झाला. हे वाचून मी बराच वेळ काही वाचलं नाही.

नंतर एक साधा भागाकार केला. १९८८ साली माझ्या टेबलावरून जे उडालं, त्याचं सरासरी आयुष्य पाच वर्षं धरलं, तर आज त्यातला हजारात एखादाच रेणू शिल्लक असेल. पण व्हाइटनरच्या एका ठिपक्यातही रेणू इतके असतात की त्याचा हजारावा भागसुद्धा मोजता मोजता आयुष्य सरावं. ते अजून फिरत आहेत. त्यातला एखादा वाऱ्याबरोबर टास्मानियापर्यंत गेला असेल, केप ग्रिमच्या नळीत ओढला गेला असेल, तर तो कोणीतरी मोजलेला आहे.